दिव्याला पडलेलं खळं

म्हस्कू धनगर बायकोला घेऊन शिंदीखान्याचा जिना चढला, ही बातमी त्याच्या आधी रानात पोचली. ज्यानं ऐकली त्यानं आधी कानाला हात लावला आणि मग पोट धरून हसला. कारण म्हस्कू म्हणजे शिंदीचं नाव काढलं तरी थुंकणारा माणूस. तरुणपणी एकदा ढोसून बांधावर आडवा झाला होता, तेव्हा लांडग्यानं त्याच्या डोळ्यांदेखत, म्हणजे मिटलेल्या डोळ्यांदेखत, कोकरं उचलून नेली. तेव्हापासून खंडोबाची आण घातलेली. असा माणूस पिकल्या मिशांनी, खांद्यावर घोंगडी टाकून, बायकोचा हात धरून भर बाजारातून शिंदीखान्यात शिरतो म्हटल्यावर लोक बोलणारच. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार!

पण गेल्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. का, ते सांगतो.

निजाम जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. म्हस्कूचं बिऱ्हाड कुंभार पिंपळगावाकडून निघून मेंढरं चारत चारत जालन्याच्या वेशीपाशी आलं होतं. अंबडच्या वाटेला एका रानात त्यांनी वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण, ठोकली होती. माणसं चारच. म्हस्कू, त्याची बायको आसराबाई, मुलगा पुंजाराम आणि सून सुगंधा.

आसराबाईचा उजवा डोळा लहानपणीच देवीत गेलेला. उरलेल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. पहिल्यांदा ती सुईत दोरा ओवायची थांबली, मग भाकरी करपायला लागल्या, आणि त्या हिवाळ्यात तिनं पुंजारामला म्हस्कू समजून चांगलं फैलावर घेतलं, तेव्हा सगळ्यांना कळलं की आता हे हसण्यावारी न्यायचं काम नाही. मस्तगडाजवळच्या धर्मशाळेत डोळ्यांचा क्यांप लागला होता. म्हस्कू तिला घेऊन गेला. डॉक्टरनं बॅटरी मारून डोळा बघितला आणि म्हणाला, "पिकलाय. काढून टाकू."

"दिसंल का पण?" म्हस्कूनं विचारलं.

डॉक्टर खरं बोलणारा माणूस. "बहुतेक दिसेल," म्हणाला. "खात्री देव देतो, मी देत नाही."

झालं! एवढं ऐकलं आणि आसराबाईनं पाय मागं घेतला. तिच्या आईचा डोळा बाजारात बसणाऱ्या एका सुईवाल्यानं असाच उघडून देतो म्हणून कायमचा मिटवला होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. "धुकट तर धुकट, पण दिसून राह्यलंय न्हवं?" ती म्हणाली. "हाय ते बी घालवू काय?" म्हस्कूनं गोडीनं सांगितलं, रागानं सांगितलं, एक वेळ उपाशी राहून सांगितलं. बाई ढिम्म. क्यांपात डोळे कापायचा एकच दिवस राहिला. उद्या सकाळी नाही गेलं तर विषय संपला, आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्या डोळ्यात काय उरेल हे सांगायला डॉक्टर नको होता.

त्या दुपारी आसराबाई आपण होऊन बोलली. "एक गोष्ट दाखवा मला. जालन्याचे इजेचे दिवे. सगळे एकदम लागतेत म्हणं. काडी न्हाई, तेल न्हाई, लावणारा बी न्हाई. ते माझ्या डोळ्यानं बघू द्या, मंग सांगते, हो का न्हाई."

रोज दिवेलागणीला रानातून शहराच्या बाजूचं आभाळ पिवळं दिसायचं. सुगंधा तिला त्याच्या गोष्टी सांगायची आणि आसराबाई म्हणायची, "जा, थापा नको मारू." सुगंधा आता लगेच म्हणाली, "आत्याबाई, उंचावरून बघताल तर आपला कंदील बी बघा हां. आज मी सगळ्यात लांब काठीला बांधते."

वाघरीपाशी अंधार पडायच्या आत काठीला कंदील चढवायचा, हे धनगरांत सुनेचं काम. रानात मागं राहिलेल्या माणसाला त्यावरून घर सापडतं. घर म्हणजे तरी काय, तो कंदीलच.

आता उंच जागा आणायची कुठून? शेठ लोकांच्या माड्यांवर घोंगडीवाल्याला कोण चढू देतो? सगळ्या जालन्यात 'तू कोण' असं न विचारता माणसाला वर घेणारी उंच गच्ची एकच होती. जगन्नाथाची तीन मजली माडी. खाली शिंदीचं दुकान, मधे मुसाफिरांच्या खोल्या आणि वर उघड्या गच्चीवर बाकडी टाकलेली. कापसाचे दलाल, कचेरीतले बाबू, गाडीची वाट बघणारे परगावचे लोक तिथं गार वाऱ्याला बसून प्यायचे आणि शहर बघायचे.

जिन्याच्या तोंडाशी जगन्नाथ स्वतः उभा होता. पोट पुढं, कानात अत्तराचा फाया. "ओ मामा," तो म्हणाला, "बाईमाणसाला घेऊन कुठं? रस्ता चुकले काय?"

"वर जायचंय."

"वर लोक शिंदी पिऊन राह्यले, म्हाईत हाय ना?"

"हाय म्हाईत. आमाला न्हाई प्यायची."

"मंग काय वारं प्यायला चालले?"

दुकानातले चार जण फिदीफिदी हसले. म्हस्कूची कानशिलं तापली. काठी हातात होती, आणि काय झालं असतं कोण जाणे. पण आसराबाईनं पदर सारखा केला आणि आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणाली, "दादा, उद्या डोळा कापायचं म्हणत्यात. राहील का जाईल, देवाला ठावं. तुमच्या गावचे दिवे एकदा बघायचेत मला."

जगन्नाथाच्या तोंडावरचं हसू विरून गेलं. तो बाजूला झाला. "जिना अंधारा हाय, माय," एवढंच म्हणाला. "मामा, बराबर हाताला धरा."

गच्चीवर पाऊल टाकलं आणि म्हस्कू जागच्या जागी थांबला. उभा जन्म माळावर गेलेला माणूस. टेकाडावर चढला होता, पण टेकाड आपल्याबरोबर हळूहळू चढतं. इथं एकदम पायांखाली गाव! माळवदं, कौलं, त्यांवर वाळत घातलेल्या मिरच्या आणि लुगडी. नदीची वाकडी रेघ, मशिदीचा मिनार, देवळाचा कळस, जिनिंगच्या चिमण्या, लांब स्टेशनापाशी खेळण्याएवढी मालगाडी. रस्त्यावर माणसांची नुसती डोकीच चाललेली. तेवढ्यात एक घार कठड्याखालून सरकत गेली आणि म्हस्कूनं तिची पाठ बघितली. कोकरं राखता राखता त्यानं घारीची पोटं बघितली होती आयुष्यभर, पाठ पहिल्यांदा बघितली. तपकिरी, उन्हात तांबूस. त्याला वाटलं, आपण बघू नये ते बघून राह्यलो. त्यानं डोक्यावरचं पागोटं काढून काखेत धरलं, का ते त्याचं त्याला ठाऊक.

"काय दिसतंय?" आसराबाईनं विचारलं.

"समदं," म्हस्कू म्हणाला.

"समदं म्हणजे काय? नीट सांगा की!"

मग त्यानं सांगितलं, जमेल तसं. बाकड्यांवरचे लोक माना वळवून बघत होते. म्हातारबाबा बायकोला गाव दाखवतोय म्हटल्यावर त्यांनाही गंमत वाटली. तहसिलातले कारकून मुकुंदराव, रोजचं गिऱ्हाईक, उठून आपलं कठड्याजवळचं बाकडं त्यांना देऊन मागं जाऊन बसले. जगन्नाथानं खारे फुटाणे पाठवले. सूर्य गेला. आभाळ आधी केशरी झालं, मग राखेसारखं. खालची माळवदं एकमेकांत मिसळायला लागली. आसराबाईला आता काहीच दिसेना. ती दोन्ही हात कठड्यावर ठेवून तोंड पुढं करून बसली होती.

आणि दिवे लागले.

आवाज नाही, काही नाही. एवढी मोठी गोष्ट झाली आणि पान हलल्याएवढाही आवाज नाही! एका क्षणी अंधार होता आणि दुसऱ्या क्षणी या टोकापासून त्या टोकापर्यंत रस्ते उजळले. सदर बाजार उजळला, नदीवरचा पूल उजळला, स्टेशनवर लाल-हिरवे डोळे उघडले. म्हस्कूच्या तोंडून "येळकोट" निघालं ते त्याला कळलंही नाही.

आसराबाई उठून उभी राहिली. तिनं हात जोडले. समोर जोडले, मग उजवीकडे, मग डावीकडे. एवढे दिवे, कुणाला ठेवायचं आणि कुणाला गाळायचं! तेवढ्यात तिच्या कानावर मागून गिलासांचा किणकिणाट आला आणि तिचा पारा चढला. दिवा लागला की घास थांबवावा, निजलेल्यानं उठून बसावं, हे शेंबड्या पोराला कळतं. ती गर्रकन वळली.

"कोण रे ते? दिवे लागले न! खाली ठेवा ते गिलास. जोडा हात!"

मुकुंदरावांचा गिलास ओठापाशी पोचलेला. कुणीतरी हसणार होतं, पण हसलं नाही. त्या बाईच्या आवाजात आपल्या घरची कुणीतरी बोलली, असं प्रत्येकाला वाटलं असावं. मुकुंदरावांनी मुकाट्यानं गिलास खाली ठेवला आणि हात जोडले. मग दलालांनी, मग परगावच्या लोकांनी. जगन्नाथ जिन्यातून घडा घेऊन वर येत होता, त्यानं घडा तिथंच टेकवला. शिंदीखाना काढल्यापासून त्या गच्चीवर एवढी शांतता कधी झाली नव्हती.

आसराबाई पुन्हा खाली बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अवं," ती म्हणाली, "केवढाले हायत! एकेका दिव्याला चांदाला पडतं तसं खळं पडलंय. तांबडं, निळं, पिवळं. खळ्यात खळं मिसळलंय. मी तर असं देवाच्या दारी बी न्हाई बघितलं."

म्हस्कूनं दिव्यांकडं बघितलं. खळं कुठंच नव्हतं. दिवे होते, छान होते, ज्वारीच्या दाण्यासारखे सुटे सुटे.

"आजी, खळं कुठं आहे?" मुकुंदराव मागून म्हणाले. म्हस्कूनं त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी पुढचं वाक्य गिळलं.

"झालं माझं," आसराबाई म्हणाली. "मला आता काईच नको. उद्या न्हाई जायचं क्यांपात. एवढं दिसून राह्यलंय मला, अन् ह्याच्यावर सुरी चालवू? उद्या डोळा गेला तर? ही खळी गेली तर?"

म्हस्कूनं हातातला फुटाणा खाली ठेवला. काय बोलावं? खरं सांगावं तर बाईच्या पुढ्यातलं भरलं ताट ओढल्यासारखं. न सांगावं तर डोळा जातो. त्याला तिचा हेवाही वाटत होता, हेही सांगून टाकतो. आपण दोन धड डोळ्यांनी दाणे बघतोय आणि हिला अर्ध्या डोळ्यानं इंद्राचा दरबार दिसतोय! कसं मोडावं हे?

तेवढ्यात ती म्हणाली, "अंबडची वाट कुठली? आपला कंदील दावा. सुगंधीनं लांब काठीला बांधलाय."

म्हस्कूनं शोधला. शहराच्या पलीकडं, काळ्याभोर रानात, एक बारका पिवळा ठिपका उंचावर डुलत होता. त्याच्या अलीकडंच जिनिंगच्या फाटकावरचा मोठा बल्ब भकभकत होता. "त्या तिकडं," त्यानं तिचा हात धरून बोट दाखवलं.

"दिसला!" आसराबाईचा चेहरा फुलला. "अगं बया, सुगंधी, केवढा गं तुझा कंदील! समद्यात मोठं खळं आपलंच." आणि तिनं मनोभावे हात जोडले. कंदिलाला नाही. जिनिंगच्या बल्बाला.

हे मात्र म्हस्कूला सोसवलं नाही. बाकी सगळं चाललं असतं. पण सून तिकडं रानात काठी धरून उभी असेल, आणि ही नमस्कार करून राह्यली कुण्या शेठच्या फाटकाला!

"आसरे," तो म्हणाला. "तो आपला न्हाई. तो जिनिंगचा दिवा हाय. आपला त्याच्या बाजूलाच हाय, लहानसा. तुझ्या खळ्यानं त्याला झाकलंय." मग एकदा सुरुवात केलीच होती, तर त्यानं सगळंच सांगितलं. "अन् खळं न्हाईच कुठं. दिव्याला खळं नसतं. ते तुझ्या डोळ्यात हाय."

तिनं मान वळवून, जणू कुणी साक्षीदार मिळतो का बघत, मागच्या लोकांना विचारलं, "खरं का वो?" सगळे खाली बघत होते. शेवटी जगन्नाथ म्हणाला, "खरं हाय, माय."

आसराबाई उठली. जिना उतरताना तिनं म्हस्कूचा हात धरला, पण हातात माया नव्हती. रानापर्यंतच्या सगळ्या वाटेवर ती चकार शब्द बोलली नाही. म्हस्कूला वाटलं, आपण दोन्हीकडून गेलो. तिच्या खळ्यांचाही घास केला आणि डोळाही हातचा घालवला.

वाघरीपाशी सुगंधा वाटच बघत होती. "आत्याबाई, दिसला का आपला कंदील?"

म्हस्कू मेंढरांकडं वळला.

"दिसला गं," आसराबाई म्हणाली. "चांगला लख्ख दिसला." मग घोंगडी अंथरता अंथरता, म्हस्कूकडं पाठ करूनच म्हणाली, "सकाळी लवकर उठवा मला. क्यांपात गर्दी असती."

पुढचे दिवस म्हस्कूनं कसे काढले ते विचारू नका. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून आसराबाई धर्मशाळेत उताणी पडलेली, मान हलवायची नाही, हसायचं नाही, खोकायचं नाही. तो उशाशी बसून मेंढरांच्या बातम्या सांगायचा आणि मनात म्हणायचा, खंडोबा, चूक माझी हाय, डोळा तिचा नको नेऊ. पट्टी सुटली त्या दिवशी डॉक्टरनं हाताची बोटं धरून "किती?" विचारलं. आसराबाईनं बोटांकडं बघितलंच नाही. डॉक्टरच्या मागं उभ्या म्हस्कूकडं तोंड करून म्हणाली, "अवं, दाढी करा की! काय अवतार हाय हा!" म्हस्कू तिथंच, सगळ्यांच्या देखत, पागोट्यात तोंड घालून रडला.

चष्मा येईपर्यंत आसराबाई धर्मशाळेतच राहिली. मग जाड भिंगांचा चष्मा आला. चष्मा आल्या दिवशीच ती म्हणाली, "चला, जगन्नाथाच्या गच्चीवर."

म्हस्कूला जायचं नव्हतं. सुटे सुटे दाणे बघून हिचं मन मोडलं तर? एवढ्यासाठी सुरी सोसली का, असं म्हणाली तर? पण नाही म्हणायची सोय नव्हती. जगन्नाथानं या वेळी काही विचारलं नाही, जिन्यात कंदील धरून स्वतः पुढं चालला. वर मुकुंदराव होते. तेच कठड्याजवळचं बाकडं त्यांनी रिकामं केलं. अंधार पडत आला तशी गच्चीवरची कुजबुज थांबली, आणि नवल सांगतो, दिवे लागायच्या आधीच लोकांनी आपापले गिलास खाली ठेवले.

दिवे लागले. पहिल्यासारखेच, एकदम, गपचूप.

सगळ्यांनी हात जोडले. आसराबाईनंही जोडले आणि नुसती बघत राहिली. म्हस्कू दिव्यांकडं बघतच नव्हता, तो तिच्या तोंडाकडं बघत होता. भिंगांमागं तिचा डोळा मोठा दिसत होता. त्यात सगळं जालना होतं.

"खळी न्हाईत," ती म्हणाली.

"न्हाईत," म्हस्कू हळूच म्हणाला.

"एक बी न्हाई."

त्याला पुढं ऐकायचा धीर होईना. पण तिचा श्वास भराभर चालू झाला. ती उठली, कठड्याला पोट लावून वाकली. "पण अवं, किती हायत! मोठ्या दिव्यांच्या मधी केवढे बारके बारके हायत! ते बघा, त्या माळवदावर कुणी चिमणी ठेवलीय. तिथं नदीकडं चूल पेटलीय. ती बैलगाडीच्या खालची बत्ती, हलून राह्यली. हे समदे तवा बी हुते?"

"हुते की."

"अन् मला दिसले न्हाईत. समदे खळ्याच्या पोटात गेल्ते." तिनं चष्मा सारखा केला. मागं मुकुंदराव आणि सगळेच कठड्याकडं सरकले. रोज तिथं बसून पिणारी माणसं, पण ती चिमणी, ती चूल, ती बत्ती त्यांनी तरी कधी बघितली होती? एकमेकांना बोटं दाखवत सगळे बघायला लागले.

आसराबाई मात्र आता अंबडच्या वाटेकडं वळली होती. मधल्या दिवसांत बिऱ्हाड दोन रानं पुढं सरकलं होतं, आणि नवी जागा तिला ठाऊक नव्हती. म्हस्कूनं बोट उचललं, पण तिनं ते हातानं खाली केलं. "थांबा. मी बघते."

ती बघत राहिली. शहराच्या कडेपर्यंत नजर गेली, जिनिंगचा बल्ब ओलांडला आणि काळ्या रानात उतरली.

"तो," ती म्हणाली. तिचं बोट नेमकं होतं. लांब अंधारात, जमिनीवरच्या सगळ्या दिव्यांपेक्षा हातभर उंच, एक पिवळा ठिपका काठीवर डुलत होता.

तिनं हात जोडले. या वेळी एकदाच, एकाच दिशेला. बराच वेळ जोडलेले ठेवले.

"चला जल्दी," मग ती म्हणाली आणि पदरानं भिंगं पुसायला लागली. "पोरीला त्या दिवशी दिसला म्हणून खोटंच सांगितलं हुतं. आज खरं सांगायचंय."